फोनला न जमणारा फोटो: खिशातला कॅमेरा निवडताना

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा बाजार मोबाइल फोनने जवळजवळ संपवला होता. २०१०च्या सुमारास जपानी कंपन्या असे छोटे कॅमेरे वर्षाला दहा कोटींहून जास्त विकत होत्या. २०२३ साली हा आकडा वीस लाखांच्याही आत आला. जे गेले ते बहुतेक स्वस्त, साधे कॅमेरे होते. वाढदिवसाचा केक, सहलीतला ग्रूप फोटो, बाळाची पहिली पावलं, ही सगळी कामं फोनने स्वतःकडे घेतली आणि ती चांगली केली.

गेल्या काही वर्षांत मात्र खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला पुन्हा मागणी आली आहे. २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या फुजीफिल्म एक्स१००व्हीआय या मॉडेलसाठी जगभर ग्राहकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं. अशा वेळी घाईघाईत, जाहिरात पाहून किंवा कुणाच्या तरी हातात दिसला म्हणून कॅमेरा घेतला जातो. दोन महिन्यांनी तो कपाटात जातो आणि फोटो पुन्हा फोनवरच निघू लागतात. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून एकच कसोटी लावावी: आपल्या फोनला जो फोटो जमत नाही, तो हा कॅमेरा काढू शकतो का? उत्तर ‘हो’ असेल तरच खिशात हात घालावा.

फोन कुठे अडतो?

फोन जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढ्याच जागेत लेन्स, सेन्सर, बॅटरी आणि स्क्रीन बसवायची असते. त्यामुळे लेन्स लहान आणि सेन्सरही लहान. ही उणीव फोन गणिताने भरून काढतो. आपण एकदा बटण दाबतो तेव्हा तो पटापट अनेक फोटो घेतो, ते एकावर एक जुळवतो, काळोख उजळतो, रंग सुधारतो. स्थिर दृश्य असेल तर याचा निकाल खरोखर उत्तम असतो.

पण समोरचं हलत असेल, अंधार असेल, विषय फार दूर असेल किंवा धो धो पाऊस पडत असेल, तर फोनची पंचाईत होते. कबड्डीतला खेळाडू जुळवाजुळव होईपर्यंत जागा बदलतो आणि फोटोत धूसर होतो. दूरचा पक्षी मोठा करायला गेलं की पिसांच्या जागी रंगाचे ठिपके दिसतात. मिरवणुकीत फोनचा एलईडी दिवा पाच पावलांपलीकडे पोचत नाही.

कॅमेऱ्याकडे या सगळ्यांसाठी एक गोष्ट असते, ती म्हणजे जागा. त्याची लेन्स चालू केल्यावर पुढे सरकते, तिच्यामागे मोठा सेन्सर बसू शकतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत झेनॉनचा खरा फ्लॅशही असतो. हा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे हळदीत नाचणारी माणसं फोटोत जागच्या जागी गोठतात. कॅमेरा घेताना आपण खरं तर ही जागा विकत घेतो. ती कशासाठी वापरली आहे, हे मॉडेलगणिक बदलतं.

सेन्सर: आधी मिलिमीटर बघा

साध्या आणि लांब झूमच्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. त्याचं प्रत्यक्ष माप सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. त्यावरचा वर्ग ‘एक इंची’ सेन्सरचा: १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, क्षेत्रफळ ११६. त्याच्याही वर एपीएस-सी, सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, क्षेत्रफळ ३६५च्या आसपास. ही इंचांची नावं टीव्ही कॅमेऱ्यातल्या जुन्या नळ्यांच्या मापावरून चालत आली आहेत आणि प्रत्यक्ष सेन्सरशी त्यांचा मेळ बसत नाही. म्हणून माहितीपत्रकात लांबी-रुंदीचे मिलिमीटर शोधावेत.

पहिल्यापेक्षा दुसरा चौपट मोठा आणि तिसरा तेरापट. लेन्सचं तोंड आणि शटरचा वेळ सारखा असेल, तर जितकं क्षेत्रफळ जास्त तितका एकूण प्रकाश जास्त गोळा होतो. संध्याकाळच्या फोटोत जे दाणेदार ठिपके दिसतात, ते प्रकाश अपुरा पडल्यामुळे दिसतात. मोठ्या सेन्सरवर ते उशिरा दिसू लागतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आजच्या चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर १/२.३ इंचीपेक्षा बराच मोठा असतो आणि काही महागड्या फोनमध्ये तर एक इंची सेन्सरही आला आहे. म्हणजे चांगला फोन हातात असताना लहान सेन्सरचा, तीन-चार पट झूमचा स्वस्त कॅमेरा घेण्यात फ्लॅशपलीकडे फारसं काही पदरात पडत नाही. ऑनलाइन दुकानांत अनोळखी नावांचे ‘४८ मेगापिक्सेल, १६एक्स डिजिटल झूम’ असे कॅमेरे पाच-सात हजारांत दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊच नये. यातल्या बहुतेकांचा सेन्सर अगदी बारका असतो, आणि आकडा फुगवण्यासाठी मधले ठिपके सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते फोनवरही करता येतं.

मेगापिक्सेलचा हिशेबही एकदा करून टाकू. उत्तम छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके लागतात असं धरलं, तर चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर लागतात आणि ए-फोर कागदाला पावणेनऊ. लग्नाच्या अल्बमचं बारा बाय अठरा इंचांचं पान पूर्ण भरायचं असेल तरी साडेएकोणीस पुरतात. बहुतेकांचे फोटो तर फोनच्या पडद्यावरच पाहिले जातात. वीस मेगापिक्सेलनंतर हा आकडा बाजूला ठेवून लेन्सकडे वळावं.

लेन्सच्या कडेवर सगळं लिहिलेलं असतं

दुकानात कॅमेरा हातात आला की आधी लेन्सभोवतीची कडा वाचावी. तिथे बारीक अक्षरांत दोन जोड्या असतात. कॅननच्या जी७एक्स मार्क थ्री या २०१९च्या मॉडेलवर ८.८–३६.८ मिलिमीटर आणि १:१.८–२.८ असं कोरलेलं आहे. त्याच कंपनीच्या एसएक्स७४० एचएस या २०१८च्या मॉडेलवर ४.३–१७२ मिलिमीटर आणि १:३.३–६.९ आहे.

पहिली जोडी झूम सांगते. मोठ्या आकड्याला छोट्याने भागा. १७२ भागिले ४.३ म्हणजे ४० पट, तर ३६.८ भागिले ८.८ म्हणजे सव्वाचार पटीच्या आत. दूरचं पाहायचं असेल तर एसएक्स७४० कितीतरी पुढे आहे.

दुसरी जोडी लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगते. आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं आणि प्रकाश जास्त. ही वाढ वर्गाच्या प्रमाणात होते. १.८ ची लेन्स ३.३ च्या लेन्सपेक्षा जवळजवळ साडेतीनपट प्रकाश आत घेते. झूम पूर्ण ताणल्यावर तर २.८ आणि ६.९ मध्ये सहापट फरक पडतो. जी७एक्सचा सेन्सर एक इंची आहे, एसएक्स७४०चा १/२.३ इंची. त्या साडेतीनपटीला सेन्सरच्या चौपट फरकाने गुणलं, तर झूम न करता काढलेल्या फोटोत जी७एक्सच्या वाट्याला चौदापटीच्या आसपास प्रकाश येतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा: घरात ट्यूबलाइटच्या उजेडात पळणारं मूल टिपायला शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं ठेवायचं आहे. १.८ च्या लेन्सला त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे वाढतात) ८०० पुरत असेल, तर ३.३ च्या लेन्सला तो २५०० च्याही वर न्यावा लागेल, आणि तोही चौपट लहान सेन्सरवर. एकाचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावता येईल, दुसऱ्याचा फोनवर पाहण्यापुरता ठीक असेल. म्हणून ‘४०एक्स’ अशी मोठी अक्षरं वाचून भाळून जाण्याआधी तो दुसरा आकडा वाचावा. लांब झूम आणि उजळ लेन्स या दोन्ही गोष्टी एकाच खिशात मावत नाहीत. यातली कोणती हवी, हे आपल्या फोटोंवरून ठरतं.

आपला फोटो कोणता?

*दूरचं टिपायचं असेल.* हिवाळ्यात उजनीच्या पाणथळीत, भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. होडी एका अंतरापुढे जात नाही आणि जाऊही नये. इथे फोन हात टेकतो. एसएक्स७४०सारखा साधारण तीनशे ग्रॅमचा कॅमेरा फिल्म कॅमेऱ्यावरच्या ९६० मिलिमीटर लेन्सइतकी पोच देतो (पुढचे लेन्सचे मिलिमीटरही याच मापातले). त्याहून दूर जायचं तर निकॉनचा पी९५० (८३ पट) किंवा पी१००० (१२५ पट, ३००० मिलिमीटरची पोच) आहे. पण ते अनुक्रमे सुमारे एक आणि १.४ किलोचे आहेत, खिशातून पिशवीत गेलेले. या सगळ्यांत सेन्सर लहानच असतो आणि तो लहान आहे म्हणूनच एवढा झूम एवढ्याशा लेन्समध्ये बसतो. सकाळच्या स्वच्छ उन्हात फोटो सुंदर येतात, सूर्य मावळला की खेळ आटोपतो. डुलत्या होडीत लेन्समधलं स्थिरीकरण हाताची थरथर सावरतं, पण पक्ष्याचे पंख ते थांबवू शकत नाही. त्यासाठी शटर जलदच ठेवावं लागतं.

*अंधारातलं, घरातलं, लेण्यांतलं टिपायचं असेल.* अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि ती चित्रांच्या हितासाठीच आहे. तिथे मोठा सेन्सर आणि उजळ लेन्स यांना पर्याय नाही. सोनीने २०१२ साली पहिला आरएक्स१०० आणला आणि एक इंची सेन्सर शर्टाच्या खिशात बसवला. या मालिकेची आणि जी७एक्सची खरी करामत तीच आहे. घरगुती समारंभ, प्रवास, मंदिराचा गाभारा, रात्रीचा बाजार अशा मिश्र कामांसाठी हा वर्ग सर्वांत अष्टपैलू म्हणावा लागेल. मात्र याच मालिकेतला सातवा आरएक्स१०० घेताना एक फरक पाहावा. त्याचा झूम २४ ते २०० मिलिमीटरपर्यंत जातो, पण लेन्स २.८ पासून सुरू होते. प्रवासाला तो सोयीचा आहे, अंधाराला आधीची १.८ ची मॉडेलं जास्त चांगली.

*रस्ता, माणसं, वारी टिपायची असेल.* इथे झूमपेक्षा चपळाई आणि फोटोचा दर्जा महत्त्वाचा. रिको जीआर थ्री (२०१९) एपीएस-सी सेन्सर असूनही बॅटरीसकट सुमारे २५७ ग्रॅमचा आहे. लेन्स एकच, २८ मिलिमीटरची. जवळ जायचं तर पायांनी जायचं. जीआर थ्रीएक्स या भावंडात ४० मिलिमीटरची लेन्स आहे. या दोघांत फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही आणि एका चार्जमध्ये साधारण दोनशेच फोटो निघतात. फुजीच्या एक्स१००व्हीआयमध्ये ३५ मिलिमीटरची एफ २ लेन्स, ४० मेगापिक्सेल आणि उन्हातही स्पष्ट दिसणारा व्ह्यूफाइंडर आहे, पण तो खिशात सहज जात नाही. ज्याला आपण साधारण किती अंतरावरून फोटो काढतो हे नक्की माहीत आहे, त्यानेच एका लेन्सचा कॅमेरा घ्यावा.

*पाऊस, पाणी, चिखल यांत जायचं असेल.* सह्याद्रीतला पावसाळी ट्रेक, मालवणचा समुद्र, शेतातली किंवा जंगलातली नोंदी घेण्याची कामं. ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ (२०२३) पंधरा मीटर पाण्याखाली चालतो आणि दोन मीटरवरून पडला तरी तग धरतो. त्याचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू फोकसमध्ये आणतो. कासच्या पठारावरची सीतेची आसवं किंवा दवबिंदूची चिकट पानं पाहणाऱ्याला हा कॅमेरा वेगळंच जग दाखवतो. एरवी उणा ठरणारा लहान सेन्सर इथे कामाला येतो, कारण अगदी जवळच्या फोटोत फुलाचा जास्त भाग स्पष्ट राहतो. एक सूचना मात्र पाळावी: समुद्रातून वर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात धुवावा आणि बॅटरीच्या झाकणाच्या रबरावर वाळूचा कण राहू देऊ नये. त्या एका कणामुळे पाणी आत शिरू शकतं.

*व्हिडिओ करायचे असतील.* स्वतःकडे वळणारी स्क्रीन, बाहेरचा माइक लावायची जागा आणि वाऱ्याचा आवाज अडवणारं आवरण या तीन गोष्टी आधी बघाव्यात. सोनीचा झेडव्ही-१ (२०२०) याच कामासाठी केलेला आहे. रंगीत जाहिरातींत ‘४के’ ठळक असतं, पण ऐकू न येणारा आवाज प्रेक्षक सहन करत नाहीत.

पैशांचं गणित

अंथरूण पाहून पाय पसरायचे तर आधी अंथरूण नीट मोजायला हवं. एक इंची सेन्सरचे नवे कॅमेरे साधारण पन्नास हजारांपुढे सुरू होतात. एपीएस-सी सेन्सरचे लाखाच्या आसपास किंवा त्याही पुढे जातात. या किमतीत लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेराही येतो. ज्याला पुढे पोर्ट्रेट, पक्षी, लग्नं असं वाढत जायचं आहे त्याने तिकडे वळावं. ज्याला कॅमेरा रोज बरोबर हवा आहे, त्याच्यासाठी कॉम्पॅक्टच बरा, कारण घरी ठेवलेला कॅमेरा कितीही चांगला असला तरी फोटो काढत नाही.

बजेटमधले दहा-पंधरा टक्के आधीच बाजूला काढावेत. एक जादा बॅटरी लागतेच, कारण या छोट्या बॅटऱ्या दिवसभर टिकत नाहीत. कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्यावं, बाजारात नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. ४के व्हिडिओसाठी त्यावर व्ही३० ही खूण पाहावी, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची खात्री. कॅमेरा यूएसबीवर चार्ज होत असेल तर कोणता चार्जर चालतो तेही विचारून घ्यावं.

डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २०१९च्या जानेवारीपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा इतरत्र ‘बिलाशिवाय स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं, तर वाचणारा पैसा बहुधा हाच असतो आणि त्याच्याबरोबर भारतातली वॉरंटीही जाते. लेन्स आत-बाहेर करणारी छोटी मोटर बिघडली तर दुरुस्तीचा खर्च जड जातो. म्हणून पक्कं बिल आणि भारतात चालणारं वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कमी पैशांत चांगलं हवं असेल तर सेकंड हँडचा मार्ग खुला आहे. एक इंची सेन्सरचा सहा-सात वर्षांपूर्वीचा कॅमेरा आजच्या नव्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यापेक्षा अंधारात उजवा ठरतो. घेताना टॉर्चचा झोत लेन्समध्ये तिरका टाकून बघावा. आपल्या दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, ती दिसली तर सौदा मोडावा. लेन्सचं तोंड जमेल तितकं बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी उघडी पडते. झूम सलग आठ-दहा वेळा आत-बाहेर करावा आणि मोटर कुरकुरते का ते ऐकावं. बॅटरी फुगलेली नाही आणि मूळ बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाशी जुळतो, एवढं पाहून मगच व्यवहार करावा.

हल्ली तरुण मंडळी वीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे मुद्दाम शोधून घेतात. त्यांचे ते कडक फ्लॅशचे, ठसठशीत रंगांचे फोटो आवडत असतील तर जरूर घ्यावेत. फक्त आधी त्याचं कार्ड आणि बॅटरी आज मिळते का ते बघावं. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं आणि ते आता बनत नाही.

दुकानातली दहा मिनिटं

ऑनलाइन घ्यायचा असला तरी एकदा दुकानात जाऊन हाताळावा. आपलं कार्ड बरोबर न्यावं आणि परवानगी घेऊन त्यावर फोटो काढावेत. पहिला फोटो दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्याचा, दुसरा पूर्ण झूम करून समोरच्या रस्त्यावरच्या पाटीचा, तिसरा चालत्या माणसाचा. तेच तीन फोटो आपल्या फोनवरही काढावेत. दारात उन्हात उभं राहून स्क्रीन दिसते का ते पाहावं. एका हाताने धरून बटणं बोटाखाली येतात का, चालू केल्यावर किती वेळात तयार होतो, मेनूत आयएसओ बदलायला किती पायऱ्या लागतात, हे सगळं हातात घेतल्याशिवाय कळत नाही. घरी येऊन ते फोटो मोठ्या पडद्यावर शेजारीशेजारी ठेवावेत. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा या सहा फोटोंवर विश्वास ठेवावा.

घेतल्यानंतर पावसाळ्यात कॅमेरा कातडी पाऊचमध्ये कोंडून ठेवू नये. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढीच काळजी पुरते. आणि तो वापरत राहावा, कारण वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

दुकानात जाण्याआधी एक काम नक्की करा. गेल्या वर्षभरात जे फोटो तुम्हाला हवे होते पण फोनला जमले नाहीत, त्यांची कागदावर यादी करा. त्यात पक्षी जास्त आहेत की रात्र, रस्ता की पाऊस, यावरून तुमचा कॅमेरा ठरेल. आणि यादीत काहीच आलं नाही, तर तुमचा फोन तुम्हाला पुरेसा आहे. ते पैसे जिथे फोटो काढायला जायचं आहे त्या प्रवासावर खर्च करा.